सही घेण्याआधी : बीड जिल्ह्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना खुले पत्र

बीड जिल्ह्यातल्या सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ४४. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गावात शाळा एकच आणि तिच्यात बाई म्हणून मीही एकटीच. नाव लिहिलं की पत्ता शोधायला कुणाला कष्ट पडणार नाहीत. दीड वर्षापूर्वी पाळीत फार रक्त जातं म्हणून मी तुमच्यापैकी एकांकडे आले होते. त्यांचंही नाव इथे नाही. त्या दिवशी त्यांच्या खुर्चीवर तुमच्यापैकी दुसरं कुणी असतं तरी फार वेगळं घडलं असतं असं मला वाटत नाही, म्हणून तक्रार करण्याऐवजी तुम्हा सगळ्यांनाच लिहायला बसले.

घडलं ते सहा-सात मिनिटांत. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "गाठी आहेत. दोन लेकरं झालीत ना? मग पिशवी ठेवून काय करायचंय? उद्या कॅन्सर-बिन्सर निघाला तर? गुरुवारी या, उपाशीपोटी." बाहेर आलो तर सिस्टरने छापील फॉर्म पुढे केला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "सर, इथं सही करा." पिशवी माझी, सही सरांची. सरांनी पेन काढलंसुद्धा होतं. त्यांना दोष देत नाही, ते घाबरले होते. माझं हिमोग्लोबिन तेव्हा ६.८ होतं आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मी दोनदा खाली बसले होते.

आमचा 'पिशवी' हा शब्दही मोठा गमतीचा आहे. बाजाराची पिशवी, रेशनची पिशवी, फाटली की टाकून द्यायची ती पिशवी. 'गर्भाशय काढायचं' म्हटलं की माणूस जरा थबकतो. 'पिशवी काढायची' म्हटलं की माळ्यावरची अडगळ उतरवल्यासारखं वाटतं. शब्द तुमचा नव्हे, आमच्या आज्या-पणज्यांचा. पण तुमच्या तोंडी तो फार सोयीचा होऊन बसलाय.

दुसरा शब्द 'गाठी'. पाळीत रक्ताचे गोळे पडतात त्यांना आम्ही गाठी म्हणतो. सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढलेले गोळे, दिसतात त्यांनाही तुम्ही गाठी म्हणता. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई मला सांगत होती, "बाई, डॉक्टर म्हणले गाठी हायेत. मी म्हणलं, हायेत की, पडतात रोज." ती समजत होती की आतली गाठ तुटून तुटून बाहेर येतेय आणि काही महिन्यांत संपेल. तुम्ही समजत होता की तिला सगळं कळलंय. एकाच शब्दावर दोघं बोललात आणि तिने अंगठा दिला.

मला त्या सहा मिनिटांत विचारले गेले नाहीत ते प्रश्न असे. किती दिवस जातं? रात्री उठून बदलावं लागतं का? आठवड्यात कामाला किती दिवस दांडी? आणि शेवटचा, तुला स्वतःला काय हवंय? पाठ्यपुस्तकात अतिरक्तस्रावाची जुनी व्याख्या एका पाळीत ८० मिलिलिटरच्या वर अशी आहे म्हणे. घरी वाटी-चमचा घेऊन कोण मोजणार? इंग्लंडच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनी ती मोजमापाची भानगडच सोडून दिली. बाईच्या जगण्यात, कामात, मनात ज्याने अडथळा येतो तो अतिरक्तस्राव, एवढं त्या म्हणतात. माझा अडथळा मी सांगू शकले असते. दोन वर्षं मी महिन्यातले आठ दिवस गडद रंगाचीच साडी नेसत होते. खुर्चीवर वर्तमानपत्राची घडी ठेवून बसत होते. शाळेच्या संडासात पाणी नसतं म्हणून सकाळी दहा ते पाच पाणी पीत नव्हते. हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी तारखा आणि पॅडचे आकडे लिहून ठेवले होते, तो कागद पर्समध्ये होता. पर्समध्येच राहिला.

माझं सोडा, मला पगार आहे. आपल्या जिल्ह्याचं काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०१९ मध्ये ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये देशाचा आकडा शंभरात तीनच्या थोडा वर आहे. दोन पाहण्यांची तंतोतंत तुलना करू नये हे मलाही कळतं, गणित मीही शिकवते. पण तीन आणि सतरा यांच्यातली दरी वजाबाकीच्या चुकीने पडत नाही.

यावर तुमच्यातले बरेच जण म्हणतात, "बाया स्वतःच मागतात. आम्ही नाही म्हटलं तर शेजारच्या दवाखान्यात जातात." खरं आहे, मी ऐकलंय. दसरा झाला की माझा निम्मा वर्ग रिकामा होतो. लेकरं आईबापांबरोबर सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घरात येऊन संपलेली असते. पाळीत एक दिवस झोपडीत पडून राहिलं तर खाडा, आणि २०१९ च्या बातम्यांत एका दिवसाच्या खाड्याला ५०० रुपये दंडाचा आकडा होता. फडात आडोसा नाही, पाणी नाही, त्याच कापडावर दिवस काढायचा. अशी बाई तुमच्यासमोर येऊन "काढून टाका, कटकट मिटंल" म्हणते तेव्हा ती मूर्ख नसते. तिच्यासमोर दोनच दारं आहेत असं तिला वाटतं आणि त्यातलं एक ती निवडते. बाकीची दारं कुठे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे, तिला नाही. फरक तेवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

शिवाय तिच्या डोक्यात कॅन्सर घातलेला असतो. हे मात्र मी जरा कडक शब्दांत लिहिणार आहे. फायब्रॉइड ही कॅन्सरची गाठ नव्हे, हे तुम्ही पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकलात. पन्नाशीपर्यंत बहुतेक बायांच्या गर्भाशयात लहान-मोठी एखादी गाठ असतेच आणि कित्येकींना मरेपर्यंत पत्ता लागत नाही. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया केली आणि आत कॅन्सर निघाला, असं सुमारे ३५० जणींत एकीच्या बाबतीत घडतं, असा अंदाज अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला होता आणि तोही जास्त सांगितला म्हणून त्यावर टीका झाली. नुसतं पांढरं जातं म्हणून आलेल्या बाईला तर कितीदा आठवडाभराच्या गोळ्याच पुरतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची भीती असेल तर त्याची तपासणी आहे, सरकारी दवाखान्यात होते, पाच मिनिटांची. तपासणी न करता भीती तेवढी हातात द्यायची, हे वैद्यकात कुठल्या विषयात शिकवतात?

गुरुवारी मी गेले नाही. त्यात शहाणपण काही नव्हतं, शाळेत केंद्रप्रमुखांची भेट होती. मग भाऊ संभाजीनगरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टर मॅडमनी माझा पर्समधला कागद मागून घेतला, शांतपणे वाचला आणि केसपेपर उलटा करून त्यावर उलटा पेरू काढला, म्हणजे गर्भाशय. मला हसू आलं, कारण विज्ञानाच्या तासाला मीही तसाच पेरू काढते. त्या म्हणाल्या, "गाठ केवढी आहे त्याआधी कुठे आहे ते बघायचं." मग पेरूच्या आतल्या पोकळीत एक टिंब दिलं, सालीच्या जाडीत दुसरं, बाहेरच्या अंगाला तिसरं. माझ्या तिन्ही जागी होत्या. भिंतीतली चार सेंटिमीटरची होती आणि कागदावर सगळ्यात मोठ्या अक्षरात तीच छापली होती. पण रक्त काढत होती ती आतल्या अस्तराखाली बसलेली, दोन सेंटिमीटरची. बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी गाठ असली तरी पाळीला फारसा धक्का लागत नाही आणि आत बोराएवढी असली तरी बाई पांढरी फटक पडते. एवढं साधं वाक्य मला चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं.

पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत उतरवून काढलं. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी कुणाला चालते हे तुम्हीच ठरवायचं. पण पेशंटच्या कानावर यातलं काय पडायला हवं, ते मी सांगू शकते.

पहिली गोष्ट, रक्त आधी भरायचं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बाया रक्तक्षयी आहेत, २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५४ टक्के निघाल्या. सहा-सात हिमोग्लोबिनवर बाईला निर्णय घ्यायला लावणं म्हणजे तापात परीक्षेला बसवणं. मला लोहाची सलाइनं दिली आणि तीन आठवड्यांनी परत बोलावलं. डोकं जाग्यावर आल्यावर मी प्रश्न विचारायला लागले. थायरॉइड तपासलं. पंचेचाळिशीच्या आसपास आहे म्हणून आतल्या अस्तराचा तुकडाही तपासायला पाठवायचा ठरला.

मग गोळ्या. ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडची गोळी हार्मोनची नाही, फक्त पाळीच्या जोराच्या दिवसांत घ्यायची आणि बऱ्याच जणींचा स्राव ती एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी करते. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होऊन गेलेल्यांना ती चालत नाही. जपानमध्ये उताको ओकामोतो या बाईंनी नवऱ्याच्या जोडीने हे औषध शोधलं, १९६२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बाळंतपणात रक्त जाऊन बाया मरतात ते थांबावं, हा त्यांचा ध्यास होता. आज ती गोळी तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळते आणि आमच्या बायांना तिचं नाव माहीत नाही. त्यांना माहीत असलेली गोळी दुसरीच, पाळी पुढे ढकलायची. लग्न, सत्यनारायण, गौरी, सगळ्याला ती चिठ्ठीशिवाय आणली जाते. त्याच जातीची औषधं तुम्ही रक्तस्राव आवरायला नीट मोजून-मापून देता, हे कळलं तर बाया निदान दोन्हींत गल्लत करणार नाहीत.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ऑर्मेलॉक्सिफेन ही तिसरी. १९९१ पासून 'सहेली' नावाने बाजारात आहे आणि सरकारी कुटुंबनियोजनात 'छाया' म्हणून फुकट मिळते. तीच गोळी जास्त रक्तस्रावावरही आपल्याकडे वापरतात. आशाताईंच्या पेटीत ही गोळी आणि शेजारच्या घरात पिशवी काढायला निघालेली बाई, असं दृश्य मी आमच्या गावात बघितलंय. आशाताईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला फक्त पाळणा लांबवायची म्हणून सांगितलीय."

आता हार्मोनच्या तांबीबद्दल, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या साधनाबद्दल, जरा विस्ताराने, कारण माझ्या मते खरी मेख इथे आहे. 'तांबी' म्हटलं की आमच्या बाया दोन पावलं मागे सरकतात, आणि बरोबरच आहे, तांब्याच्या तांबीने पाळी वाढतेच. ही दुसरी तांब्याची नाही. तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, रोज कणभर पाझरतं, आतलं अस्तर पातळ राहतं, आणि एकदा बसवली की पाच वर्षं बघायला नको. फिनलंडमध्ये १९९० साली ती पहिल्यांदा वापरात आली. आता भारतीय बनावटीचीही मिळते. रोजची गोळी लक्षात ठेवायची नाही, फडावर मेडिकल शोधायचं नाही. ऊसतोड बाईसाठी कुणी मुद्दाम बनवावी अशी वस्तू! आणि तिचंच नाव तिला कुणी सांगत नाही.

तिच्यातही उणं आहे, ते लपवू नका. पहिले तीन ते सहा महिने थेंब थेंब जात राहतं. मलाही हीच बसवली, चार महिने गेलं. रोज वाटायचं, काढून फेकावी. मॅडमनी आधीच बजावलं नसतं तर नक्की काढली असती. आतली पोकळी गाठीने वेडीवाकडी झाली असेल तर ती निसटतेसुद्धा. फिनलंडमध्ये २३६ बायांवर अभ्यास झाला, निम्म्यांना ही तांबी, निम्म्यांची शस्त्रक्रिया. पाच वर्षांनी तांबीवाल्यांतल्या ४२ टक्के बायांनी शेवटी गर्भाशय काढलंच. तुमच्यातला एखादा म्हणेल, "बघा, मग उपयोग काय?" मी आकडा उलटा वाचते. शंभरात अठ्ठावन्न जणींची वाचली. आणि दोन्ही गटांतल्या बाया पाच वर्षांनी सारख्याच समाधानी होत्या, तांबीवाल्यांचा खर्च मात्र कमी झाला होता.

"फॉलोअप होत नाही" हे तुमचं दुसरं उत्तर मला पाठ आहे. बाई नोव्हेंबरात जाते ती एप्रिलात उगवते. मान्य. मग बसवायची ती जूनमध्ये, म्हणजे त्रासाचे महिने गावातच जातील. आणि तिकडे नकोशी झाली तर कुठल्याही सरकारी दवाखान्यात पाच मिनिटांत निघते. काढलेली पिशवी कुठल्या दवाखान्यात परत बसवतात?

बाकीचे मार्ग थोडक्यात. आतली गाठ दुर्बिणीने, पोटाला चिरा न देता खालूनच खरवडून काढता येते. माझी तशीच काढली, दुसऱ्या दिवशी घरी. लेकरू हवं असणाऱ्या मुलीची भिंतीतली गाठ तेवढीच काढून पिशवी शिवता येते, मात्र काही वर्षांनी नव्या गाठी उगवू शकतात. मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपाय पॅरिसच्या रव्हिना आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडला. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात असं केलेल्या बायांपैकी साधारण दोन तृतीयांश जणींना दहा वर्षांनंतरही पिशवी काढावी लागली नव्हती. लेकरू हवं असेल तर याच्याबद्दल डॉक्टर हात आखडता घेतात. आपल्या जिल्ह्यातून त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागेल. जाणं न जाणं ज्याच्या त्याच्या खिशावर, पण असं काही असतं हे कळायला पैसे पडत नाहीत. हार्मोन दाबून गाठ आटवणारी इंजेक्शनं थोड्या महिन्यांपुरती, हाडांना सोसतील तितकीच. आणि पाळी जायला वर्ष-दोन वर्षं उरली असतील तर थांबणं हाही उपाय आहे, कारण पाळी गेली की या गाठी बहुधा आपोआप आटतात. माझी चार सेंटिमीटरवाली अजून आहे. वर्षातून एकदा सोनोग्राफीत भेटते, बाकी माझ्याबरोबर गुपचूप शाळेत येते-जाते.

हे वाचून कुणी बाईने पिशवी काढायचं ऑपरेशन वाईटच असा अर्थ काढू नये. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं पोट पाच महिन्यांच्या गरोदर बाईसारखं झालं होतं, गाठ लघवीच्या पिशवीवर दाबत होती, गोळ्या-इंजेक्शनं सगळं करून झालं होतं. त्यांनी विचार करून ऑपरेशन केलं, अंडाशय ठेवले, दोन महिने घरात कुणी त्यांना घागर उचलू दिली नाही, आणि आज त्या माझ्यापेक्षा तरतरीत आहेत. मला म्हणतात, "तुझी ती तांबी-बिंबी तू सांभाळ, मी सुटले." त्या खरंच सुटल्या. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला, तर तेव्हा माझं पत्र वाचत बसू नये, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

माझ्या आत्याची गोष्ट मात्र जाऊबाईंसारखी नाही. आत्या ऊसतोडीला जायची. तेहतिसाव्या वर्षी पिशवी काढली, टाके वाळले न वाळले तोच मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायला लागली. पस्तिशीच्या आत अंगातून वाफा, झोप नाही, सांधे धरलेले. सगळे म्हणायचे, हिच्यावर कुणीतरी काहीतरी केलंय. वीस वर्षांनी अंगणात घसरली तर मनगट मोडलं, आणि नंतर कधीतरी पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत कळलं की दोन्ही अंडाशयही त्याच वेळी काढलेले आहेत. तिला कुणी सांगितलं नव्हतं. डिस्चार्ज कार्ड मुकादमाच्या जीपमध्ये राहिलं ते राहिलंच. तरुण बाईचे निरोगी अंडाशय काढले की पाळी एका रात्रीत जाते, हाडं आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात, आणि पन्नाशीच्या आसपासपर्यंत हार्मोनच्या गोळ्यांचा विचार करावा लागतो. अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याचं वय काही वर्षं अलीकडे सरकू शकतं. हे तुम्हाला मी सांगणं म्हणजे काशीला जाऊन गंगा दाखवणं. पण आत्याला यातलं एक अक्षर कुणी सांगितलं असतं तर तिने निदान जादूटोण्यावर पैसे घातले नसते.

कायद्याचंही बघा. १९९५ मध्ये दिल्लीत ४४ वर्षांची, म्हणजे माझ्याच वयाची, एक अविवाहित बाई जास्त रक्तस्राव होतो म्हणून डॉक्टरांकडे गेली. दुर्बिणीने तपासणी करायची म्हणून तिला भूल दिली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय, अंडाशय, नळ्या सगळं काढलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १६ जानेवारी २००८ ला निकाल लागला. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. शुद्धीत, सज्ञान असलेल्या बाईच्या जागी आईची संमतीही चालत नाही. आणि संमती घेण्याआधी डॉक्टरने उपचाराचं स्वरूप, त्याला असलेले पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे सांगायला हवं. 'पर्याय' हा शब्द निकालातच आहे. नवऱ्यापुढे फॉर्म सरकवणाऱ्या सिस्टरला हे कुणी सांगितलंय का?

पुढे केंद्र सरकारने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना २०२२ मध्ये काढल्या. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ ला सांगितलं की सगळ्या राज्यांनी त्या तीन महिन्यांत लागू कराव्यात. देखरेखीसाठी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर समित्या आल्या. समिती आली की रजिस्टर येतं, रजिस्टर आलं की रकाने भरले जातात. शाळेत आम्ही तेच करतो, त्यामुळे मला त्यातलं मर्म कळतं. 'रुग्णास पर्याय समजावून सांगितले : होय' असा रकाना भरायला सिस्टरला एक सेकंद लागतो.

म्हणून माझं मागणं रकान्याबाहेरचं आहे. एक पानाचा कागद हवा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. त्यावर तो उलटा पेरू, आणि बाईची गाठ नेमकी कुठे आहे तिथे डॉक्टरांनी स्वतःच्या पेनाने टिंब द्यायचं. खाली कुठकुठले उपाय आहेत, तिच्या गाठीला त्यातले कुठले लागू, किती दिवस काम बंद, किती खर्च, आणि काहीच केलं नाही तर काय. तो कागद ती घरी नेईल. तातडी नसेल तर पंधरा दिवसांच्या आत ऑपरेशनची तारीख द्यायची नाही. सही किंवा अंगठा तिचाच. डिस्चार्ज कार्डावर अंडाशय ठेवले की काढले ते मराठीत लिहायचं आणि कार्डाचा फोटो तिच्या स्वतःच्या नाहीतर लेकीच्या मोबाइलमध्ये काढून द्यायचा. वाचता येत नसेल तिला आशाताई वाचून दाखवतील, पण त्याआधी आशाताईंना छायाची दुसरी बाजूही कुणीतरी सांगा.

तुम्ही म्हणाल, ओपीडीत साठ बाया बसलेल्या असतात, एवढा वेळ कुठला. साठ मुलांचा वर्ग मीही सांभाळलाय. सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची असेल तर ती एकदाच, फळ्यावर, सगळ्यांना मिळून सांगतात. बाकड्यावर नंबर लावून बसलेल्या त्या साठ जणींसमोर दर सोमवारी दहा मिनिटं कुणी सिस्टर फळा घेऊन उभी राहिली, तर आत आल्यावर तुमची पाच मिनिटं वाचतील.

कारखान्यांची धुराडी पेटायला अजून तीन महिने आहेत. या तीन महिन्यांत बाया तुमच्याकडे येणार, दरवर्षी येतात, जायच्या आत मोकळं होऊन जायचं म्हणून. कागदाचा मजकूर तुमच्यापैकी कुणी तपासून द्यायला तयार असेल तर लिहायचं काम माझं. अक्षर चांगलं आहे, आणि तो पेरू मी गेली अठरा वर्षं फळ्यावर काढतेय. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी मी मोकळी असते.

आपली नम्र,
बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची शिक्षिका